वास न येणारे सोडे

अकरा पिशव्या क्लेमेंटिनाच्या सोप्यावर हारीने मांडून गुरुदास मास्तर म्हणाले, की यात घाई करून चालणार नाही. सकाळपासून हे ते चौथ्यांदा म्हणत होते. शाळेत पस्तीस वर्षं या माणसाला कुणीच घाई कशी केली नाही, असं क्लेमेंटिनाला वाटलं. पण मास्तरांनी तिच्या मुलाला फुकट इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून तिने तोंड मिटलं आणि खळ्यातल्या चटयांवरचे सोडे उलथायला उठली.

सगळं त्या सोड्यांचंच होतं. सोडे म्हणजे सोललेली कोळंबी, चार-पाच कडक उन्हं खाऊन खडखडीत वाळलेली. मालवणात सोडे खंडीभर बायका करतात, पण क्लेमेंटिनाचे सोडे लोक नाव घेऊन मागायचे. चिवल्याच्या किनाऱ्यामागे, माडांची सावली जिथे संपते तिथे तिचं खळं होतं. समुद्राचा वारा त्यावरून सरळ फिरायचा, आणि दिवस मावळेपर्यंत ऊन हलायचं नाही. सोडे चांगले होतात ते हातामुळे नाही, जागेमुळे होतात, हे ती स्वतःच सांगायची. नवरा फॉस्टिन जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत त्या खळ्याने तिला कुणाच्या दारात जाऊ दिलं नव्हतं.

मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी मुंबईला परतताना तिच्याकडून सोडे न्यायचे. पूर्वी सगळे बोटीने जायचे. बोटीला कसला वास आणि कसलं काय, तिथे निम्मी माणसं ओकतच असायची. पण आता मुंबईची एसटी गाडी सुरू झाली होती आणि लोकांना गाडीची चटक लागली होती. गेल्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, घाट चढताना कुणाच्या तरी बोचक्यातल्या सुक्याच्या वासाने एका गरोदर बाईला भोवळ आली. त्या दिवसापासून त्या गाडीच्या कंडक्टरने नेम धरला. घाटावरचा माणूस, सुक्याचा वास त्याला मुळातच सोसवेना. गाडी सुटण्याआधी तो मधल्या वाटेने नाक वर करून एक फेरी मारायचा आणि जिथे वास येईल तिथलं बोचकं खाली. सोडे वर्तमानपत्रात बांधा, केळीच्या पानात बांधा, धोतरात सात वेढे घाला, वास आपला वाट काढायचा. डबे घ्यावेत तर डबा बसायचा कुठे आणि तो सांभाळायचा कुणी.

झालं ते असं, की चाकरमान्यांनी सोडे घेणंच सोडलं. क्लेमेंटिनाकडे दोन चटया भरून माल उरला. पावसात त्याला बुरशी आली आणि तो माडांच्या बुडात ओतावा लागला. यंदा माडांना खत बरं मिळालं, असं तिचा दीर कॉन्स्टान्सियो म्हणाला होता.

कॉन्स्टान्सियोचा बाजारात मंगळुरी कौलांचा धंदा होता, कौलं रचायला त्याला जागा हवी होती, आणि खळं कागदावर दोघा भावांचं होतं. फॉस्टिन असताना त्याने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. यंदा मात्र ईस्टरच्या जेवणाला आला, मटण खाल्लं, हात धुतला आणि पंचाने हात पुसतापुसता म्हणाला, "ह्या वर्सा म्हाल उरलो, वैनी, तर खळ्यात कौलां लागतली. मगे माझ्यार रागावा नको."

त्याला वाईट म्हणावं असंही नव्हतं. सोडे विकलेच जाणार नसतील तर ते वाळवायला जागा कशाला, हे त्याचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. क्लेमेंटिनालाही पटलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

प्लॅस्टिकची पिशवी ही मास्तरांची कल्पना. त्यांचा भाचा गंगाराम मुंबईत एका पिशव्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. मास्तरांनी त्याला चार पानी पत्र लिहिलं. त्यात सोडे म्हणजे काय, वास म्हणजे काय आणि कंडक्टर म्हणजे कोण, हे सगळं आलं होतं. गंगारामने उत्तर धाडलं नाही. त्याने नमुन्याच्या अकरा पिशव्या धाडल्या.

प्लॅस्टिकची पिशवी इतकी तऱ्हेतऱ्हेची असते हे मालवणात तेव्हा कुणाला ठाऊक होतं? एक कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, हातात घेतली की कुरकुरायची. एकीच्या तोंडाला नाडी ओवलेली, परकराला असते तशी. एकीला दोन्ही अंगांना चुण्या होत्या, त्यामुळे ती भरली की विटेसारखी चौकोनी उभी राहायची. ही मास्तरांची लाडकी. एकीवर लाल गुलाब छापलेला होता. एकीला भाजी सडू नये म्हणून मुद्दाम भोकं पाडलेली होती, आणि ती गंगारामने का पाठवली हे देवालाच ठाऊक. बाकीच्या कमीजास्त जाड, कमीजास्त लांब. मास्तरांनी प्रत्येकीत मूठमूठ सोडे भरले, वहीत आकडे घातले आणि मग विचारलं, की आता वास घ्यायचा कुणी?

इथे पहिली अडचण आली. मास्तरांचं नाक तपकिरीने कधीच मेलं होतं. क्लेमेंटिनाने एकेक पिशवी नाकाला लावली आणि तिला अकराही पिशव्यांना वास येत नाही असं वाटलं. मग तिने खळ्यातल्या उघड्या सोड्यांवर वाकून पाहिलं. त्यांनाही येत नव्हता.

"माझ्या नाकाक ह्यो वास म्हणजे घरचो वास, मास्तर," ती म्हणाली. "माका तो कळतलो कसो?"

मास्तरांनी खूप विचार केला आणि त्यांना आपल्या घरचं नाक आठवलं. त्यांची बायको सरला कडक शाकाहारी. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं की ती बाजारात उभी राहून सांगायची, आज बांगडा आला. यापेक्षा खरं नाक साऱ्या मालवणात मिळालं नसतं. फक्त सरलाबाईंना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आणि मास्तरांनी तो न सांगून सोडवला.

रोज सकाळी ते एक पिशवी झोळीत घालायचे, घरी जायचे आणि ओटीवर सरलाबाईंच्या शेजारी जाऊन पुस्तक वाचत बसायचे. पहिल्या दिवशी पान उलटायच्या आत सरलाबाईंनी विचारलं, की कुणाच्या घरी बसून आलात, आणि त्यांना विहिरीवर धाडलं. दुसऱ्या दिवशी तेच. चुण्यांची पिशवी तर ओटीची पायरीसुद्धा चढली नाही. संध्याकाळी मास्तर ओल्या डोक्याने क्लेमेंटिनाकडे यायचे आणि सांगायचे, की क्रमांक तीन बाद. दुसऱ्या दिवशी, क्रमांक चार बाद. एप्रिल संपत आला होता. कोळंबी भरपूर पडत होती, चटया भरत होत्या, आणि हा माणूस दिवसाला एक पिशवी बाद करीत होता. सगळ्या एकदम नेऊन एकदम काय तो निकाल लावा, असं तिने विनवलं. तर म्हणे, मग कुठला वास कुठल्या पिशवीचा हे समजायचं कसं?

सातव्या दिवशी पुस्तकांच्या फळीमागे सरलाबाईंना गुलाबाची पिशवी सापडली. त्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा क्लेमेंटिनाच्या खळ्यावर आल्या. कुंपणाच्या बेड्याबाहेर उभ्या राहिल्या, पदर नाकाला. आता ही बाई भांडणार, असं समजून क्लेमेंटिनाने कमरेला ओचा खोचला. मास्तर माडाआड सरकले.

सरलाबाई भांडल्या, पण वेगळंच. "यांना साधी परीक्षा घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतात आणि माझ्या नाकाची परीक्षा घेतात. मला यायचा वास समुद्राकडून, आणि हे बसणार परसाच्या बाजूला. दोन पिशव्या अशाच सुटल्या असतील. आणा सगळ्या इकडे."

त्यांनी अकराही पिशव्या बेड्याच्या काठीला ओळीने टांगायला लावल्या, वारा तोंडावर घेतला आणि पदर खाली सोडून एकेकीसमोरून गेल्या. पाच मिनिटांत दहा पिशव्या खाली आल्या. उरली ती नववी. जाड, दुधाच्या सायीच्या रंगाची, तीन बाजूंनी कारखान्यातच बंद झालेली, चौथी बाजू आपण बंद करायची. तिच्यात काही दिसायचं नाही. सोडे आत धुक्यात उभे असल्यासारखे वाटायचे. पण वास नव्हता. मास्तरांनी वहीत लिहिलं आणि गंगारामला तार केली. दोनशे पिशव्या आल्या.

ही पिशवी बंद करायची रीत गंगारामने सोबतच्या चिठ्ठीत कळवली होती. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घ्यायचं, पिशवीचं तोंड त्यावर दुमडायचं आणि कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून भराभर न्यायची. हळू नेली तर भोक पडतं, फारच भराभर नेली तर चिकटतच नाही. किनाऱ्यावरच्या घरात मेणबत्ती पेटती ठेवणं हे एक काम, आणि ती पेटती असेल तेवढ्यात पिशवी नेणं हे दुसरं. दारं-खिडक्या लावून, घामाने निथळत, दोघांनी मिळून पहिल्या दिवशी अकरा पिशव्या बंद केल्या आणि सतरा जाळल्या. बाजारातल्या मेणबत्त्या संपल्या तेव्हा मास्तरांनी भलेपणाने तिच्या घरातल्या आल्तारावरची, फेब्रुवारीत पाद्रीने मंतरून दिलेली मेणबत्ती उचलली. क्लेमेंटिनाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, जागच्या जागी ठेवली, क्रूस काढला. आणि मग स्वतःच ती पुन्हा घेऊन आली. हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते मारिया मातेला दिसत असेलच, असं ती म्हणाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात सव्वाशेच्या वर पिशव्या बंद होऊन सोप्यावर उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर सरलाबाईंचं नाक फिरलं होतं. खळ्यात उघडा सोडा एकही नव्हता. आणि गिऱ्हाइकं येऊ लागली.

पहिला आला गणपत, लोअर परळच्या गिरणीत कामाला असलेला, दर वर्षीचा माणूस. गेल्या वर्षी ज्यांची बोचकी खाली टाकली त्यातलं एक याचं. क्लेमेंटिनाने हसून त्याच्या हातात पिशवी दिली. गणपतने ती उलटी केली, सुलटी केली, बोटाने चेपली, उजेडाकडे धरली. मग नाकाला लावली.

सोडे घ्यायची आमच्याकडे एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, पोर आईच्या कडेवरून बघतं आणि शिकतं. ढिगात हात घालायचा, मूठ भरायची, दोन्ही तळव्यांत सोडे चोळायचे आणि तळवे नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. जुना माल असेल तर वास कुबट येतो, ओला असेल तर आंबूस. मग एक सोडा मोडायचा. कडकन मोडला पाहिजे. तो जिभेवर ठेवायचा. एवढं झालं की मग बोलायचं. यातलं काहीच न करता सोडे घेणारा माणूस एक तर घाटावरचा, नाहीतर फुकटचे घेणारा.

"वास येणा नाय गो," गणपत म्हणाला.

"तेच्यासाठीच बंद केलंय. गाडयेत कोण बोलूचो नाय."

"ता खरा. पण वास नाय तर मगे ते सोडे कसले?"

तिने एक पिशवी फाडली. गणपतने मूठ भरली, चोळले, हुंगले, मोडला, चाखला. त्याचा चेहरा उजळला. एक नंबर, असं तो म्हणाला. मग त्याने फाडलेली पिशवी बाजूला ठेवली, कारण ती आता गाडीत चालणार नव्हती, आणि बंद पिशव्यांकडे बोट दाखवून विचारलं, की यांच्यात हेच आहेत कशावरून? तिने दुसरी फाडली. तीही एक नंबर. तीही बाजूला. तिसरीकडे त्याने हात नेला तसा तिने तो धरला.

"अरे मेल्या, सगळे फाडून बघतलंस तर नेतलंस काय?"

गणपतला तिची अडचण समजत होती. तो मनाने चांगला माणूस होता. पण सोडे आईसाठी न्यायचे होते, आणि म्हातारीला वास न घेता घेतलेले सोडे नेऊन दिले तर तिने त्याला पुन्हा घरात घेतलं नसतं. "माका वास घेतलेली होयी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण बंद होयी." आणि अशी नसल्यामुळे तो हात हलवीत गेला.

गणपत गेला तो एकटा गेला नाही. दोन दिवसांत कुणकेश्वरापासून देवबागेपर्यंत झालं, की क्लेमेंटिनबाय यंदा सोडे कोंडून विकते, म्हणजे गेल्या वर्षीचेच असणार. कोण म्हणे त्यात मुंबईचं औषध घातलंय. एक म्हातारी मिठबावहून मुद्दाम आली, पिशवी कानाशी धरून हलवली आणि मान हलवीत गेली. रोज चारपाच गिऱ्हाइकं यायची, पिशव्यांना नाकं लावायची, फाडायला सांगायची. रोज दोनतीन फाडल्या जायच्या. विकली एकही जात नव्हती. दिवसभर ती तेच तेच सांगायची आणि संध्याकाळी तिचा घसा बसायचा. आपण पस्तीस वर्षं वास असलेले सोडे विकले, तेव्हा एवढं बोलावं लागलं नव्हतं, असं तिच्या मनात यायचं.

मास्तर बिचारे पुन्हा विचार करून आले. पिशवीला सुईने सात भोकं पाडली तर? आतून थोडा वास येईल, गिऱ्हाइकाला पुरेल एवढा; कंडक्टरला पुरणार नाही एवढा. हे माप कसं ठरवायचं, असं तिने विचारलं. मास्तर म्हणाले, प्रयोग करून. वर्तमानपत्र त्या गाडीनेच यायचं आणि ते घ्यायला मास्तर रोज स्टँडवर जायचेच. सात भोकांची पिशवी झोळीत घालून ते कंडक्टरच्या शेजारी उभे राहिले आणि अग्रलेख वाचू लागले. दुसऱ्या ओळीला कंडक्टरने मान वळवली.

"मास्तर, तुम्ही बी?" तो दुःखाने म्हणाला.

मास्तर परत आले तेव्हा कॉन्स्टान्सियो खळ्यात होता. त्याने कुणाला तरी घेऊन येऊन फीत लावली होती. या बाजूला इतकी कौलं, त्या बाजूला इतकी, असं दोघं बोलत होते. क्लेमेंटिनाकडे पाहून तो काहीसा ओशाळला. पाऊस पडेपर्यंत आपण थांबणार आहोत, नुसतं बघून ठेवतोय, असं म्हणाला. सोप्यावरच्या पिशव्यांकडे त्याने पाहिलं नाही. ते त्याच्या भलेपणात जमा. पंधरा दिवसांनी चाकरमानी परत जायचे. त्यानंतर मालवणात सोडे विकत घेणारा कोण? इथे ज्याच्या त्याच्या घरी चटई असते.

तो गेल्यावर मास्तरांनी वही उघडली. त्यांच्या मनात आणखी एक योजना होती. प्रत्येक मोठ्या पिशवीसोबत एक छोटी, वास घेण्यापुरती पिशवी. दोघींवर एकच क्रमांक. गिऱ्हाइकाने छोटी हुंगायची आणि मोठी न्यायची.

क्लेमेंटिना ऐकून घेत होती. मग ती उठली आणि मासळी कापायची आदोळी घेऊन आली. खळ्याच्या मधोमध मोठी चटई अंथरली, आदोळीवर बसली आणि पहिली पिशवी पात्यावर धरून तिचं तोंड सरळ कापलं. सोडे चटईवर ओतले. दुसरी कापली. मास्तर धावत आले. एकेका पिशवीसाठी किती बोटं भाजली, किती मेणबत्त्या गेल्या, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ती कापत राहिली. रिकामी पिशवी डाव्या हाताला नीट चळतीत ठेवायची, दुसरी घ्यायची. संतापलेलं माणूस चळती रचत नाही, हे मास्तरांच्या उशिरा ध्यानात आलं.

"पिशवी बरी आसा, मास्तर," ती मान वर न करता म्हणाली. "आमी ती आदीच बंद केलव. गिऱ्हाइकाच्या नाकाच्या आदी."

 मास्तर वही मिटून तिच्यासमोर बसले आणि पिशव्या पुढे करू लागले.

शंभर पिशव्यांतले सोडे एका चटईवर आले तेव्हा त्यांचा ढीग कमरेएवढा झाला, आणि त्यावरून वारा गेला. पंधरा दिवस कोंडलेला तो वास माडांतून रस्त्यावर गेला, रस्त्याने बाजाराच्या तोंडापर्यंत. सरलाबाई आपल्या ओटीवरून उठल्या आणि काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांच्या मागून गणपत आला. तो चहा प्यायला निघाला होता, वासाने वळला.  त्याने येताच ढिगात हात घातला.

मास्तरांनी घासलेटचा एक डबा एका बाजूने कापून आडवा ठेवला, आत मेणबत्ती लावली. डब्याच्या आत वारा पोहोचेना. दारं लावायचीही गरज उरली नाही. पिशव्या आता दोन बोटं आखूड झाल्या होत्या, एवढंच. गणपतने आपल्या हाताने, एकेक निवडून सोडे भरले. मास्तरांनी पातं धरलं, तोंड दुमडलं, ज्योतीवरून नेलं. सरलाबाईंनी ढिगाकडे पाठ करून, वारा तोंडावर घेऊन पिशवी हुंगली आणि परत दिली, कोपऱ्यात सुटलंय म्हणून. मास्तरांनी कोपरा पुन्हा नेला. मग गणपतने ती नाकाला लावली, खोल श्वास घेतला आणि चेहरा उजळून म्हणाला, "येणा नाय."

हेच दोन शब्द तो दहा दिवसांपूर्वी बोलला होता. क्लेमेंटिनाला हसावं की त्याला आदोळीवर धरावं हे कळेना.

दुपारपर्यंत खळ्यात माणसं मावेनात. एवढं झालं तरी खरी गोष्ट पुढेच होती. गणपतची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. त्याचं बोचकं खाली आलं असतं तर संध्याकाळच्या आत साऱ्या गावाला कळलं असतं, आणि राहिलेल्या सोड्यांना कुणी हात लावला नसता. क्लेमेंटिना स्टँडवर गेली आणि आंब्याच्या टोपल्यांमागे उभी राहिली. मास्तर वर्तमानपत्र वेळेआधीच मागत होते.

गाडी भरली. सोडे घेतलेली पाच माणसं आत होती. कंडक्टर चढला, नाक वर केलं आणि दारातच थांबला.

"कुणाकडं सुकं हाय?" तो म्हणाला. "आत्ताच सांगा."

 क्लेमेंटिनाने टोपलीची कड घट्ट धरली. कंडक्टर एकेक बाकापाशी थांबत पुढे गेला आणि गणपतपाशी येऊन उभा राहिला. पिशवी काढ म्हणाला. गणपतने काढली. कंडक्टरने ती हुंगली. चारी बाजूंनी हुंगली. त्याच्या कपाळावर आठी पडली, कारण वास होता, आणि पिशवीला नव्हता. त्याने गणपतचं बोचकं हुंगलं, छत्री हुंगली, टोपी हुंगली. शेवटी त्याने गणपतचा हात धरून वर केला.

त्या तळव्यांत काल सोडे चोळले होते. रात्री जेवताना आणि सकाळी तोंड धुताना गणपतने हात धुतले असतील, पण हा वास पाण्याने जाणारा नव्हे. बाकीच्या चौघांनी आपापले हात धोतराच्या निऱ्यांत लपवले.

कंडक्टरने पाचही जणांना खाली उतरवलं. क्लेमेंटिनाने डोळे मिटले. उघडले तेव्हा पाची गडी स्टँडच्या नळावर ओळीने उकिडवे बसून राखेने आणि आमसुलाच्या पाण्याने हात घासत होते. शेजारच्या हॉटेलवाल्याने त्यांना वाटी भरून दिलं होतं. कंडक्टर एकेकाचे तळवे तपासून वर सोडत होता, शाळेत नखं तपासतात तसा. पिशव्या मात्र गाडीतच होत्या. त्यांना त्याने हात लावला नव्हता. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली.

त्यानंतरचे दहा दिवस क्लेमेंटिनाच्या अंगणात, सोडे बांधून झाले की हात घासायला राख आणि आमसुलाचं पाणी ठेवलेलं असायचं. ते संपेल तसं भरायचं काम मास्तरांकडे होतं. शेवटच्या मूठभर सोड्यांसाठी दोन माणसं भांडली. दोनशेपैकी नऊ पिशव्या उरल्या, त्या रिकाम्या.

जूनच्या तोंडावर, आभाळ भरलेलं असताना, कॉन्स्टान्सियो आला. खळ्यात चटई नव्हती, काही नव्हतं. तो चारी बाजूंनी फिरला आणि त्याला जे सुचलं त्याने क्लेमेंटिनाचा महिनाभर आवरलेला जीव पुन्हा मेटाकुटीला आला.

"खळां रिकामां आसा, वैनी," तो म्हणाला. "मगे कौलां लावूक काय हरकत?"

माल उरला तर जागा जायची, आणि माल संपला तरी जागा जायची.  चिडायला क्लेमेंटिनामध्ये काही उरलं नव्हतं.

"लाव," ती म्हणाली. "आजच लाव. पावसाभर ठेव, आणि पाऊस गेल्यार उचल."

कॉन्स्टान्सियो खूश झाला. मग त्याने आभाळाकडे पाहिलं. "पावसात कौलां कोण घेता गो?"

"पावसात सोडे तरी कोण सुकवता?"

त्याने मनातल्या मनात महिने मोजले. घरं शाकारायची ती एप्रिल-मेमध्ये, कौलं खपायची ती तेव्हाच. आणि तेव्हाच खळ्यात चटया असायच्या.  एवढ्यात थेंब पडू लागले, तसा तो सोप्यावर येऊन बसला. तिने त्याला चहा दिला. कुठे सोडे शिल्लक असले तर घरी न्यायला देशील का, असं तो विचारू लागला. नव्हते.

मास्तर तेवढ्यात छत्री सांभाळत आले. त्यांच्या हातात गंगारामचं पत्र होतं, आणि पत्रात, खास सुक्या बोंबलांसाठी म्हणून, नमुन्याच्या चौदा पिशव्या.